फूट पडणे आणि फूट पाडणे : करिंथकरांस पहिल्या पत्रातील एका वचनाचा विचार

धर्मग्रंथातील एखादे वचन त्याच्या ठिकाणाहून उचलून लोकव्यवहारात वापरले जाऊ लागले म्हणजे त्याचा अर्थ बदलतो, ही गोष्ट अभ्यासकांना नवी नाही. परंतु तो नेमका कोणत्या शब्दापाशी बदलतो, आणि त्या बदलाचा भार कोणावर पडतो, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या नव्या करारातील ऐक्य व फूट यांविषयीच्या एका प्रसिद्ध वचनाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. ते वचन म्हणजे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील दहावे.

या विचाराला निमित्त झाले ते एका लहानशा प्रसंगाचे. काही वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातील बोलीचे नमुने गोळा करीत असता गोदाकाठच्या एका गावी नाताळच्या दिवशी उपस्थित राहण्याचा योग आला. उपासना आटोपल्यावर पंगत बसली. मंडळीतील बरी स्थिती असलेली घरे आणि पाहुणे पहिल्या पंगतीस जेवले. मजुरीवरून उशिरा पोचलेली कुटुंबे मागून बसली, आणि तोवर वाढावयास फारसे उरले नव्हते. तेव्हा एका बाईंनी उठून, दरसाल आम्हीच मागून का बसावे, असे विचारले. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांना याच वचनाचा दाखला दिला. सगळ्यांचे बोलणे एक असावे असे शास्त्र सांगते, तेव्हा तुम्ही फूट पाडू नका, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यावर बाई म्हणाल्या, “म्या कुठं फूट पाडायले, मामा? पडलेली हाय, ती सांगायले.”

बोलीचा नमुना म्हणून हे वाक्य मी टिपून घेतले, कारण ‘पाडायले’, ‘सांगायले’ ही या भागातील चालू वर्तमानकाळाची रूपे त्यात आली होती. पुढे मूळ ग्रीक संहिता समोर ठेवून ते वचन वाचले, तेव्हा ध्यानात आले की त्या बाईंनी पडणे व पाडणे यांत केलेला भेद हा केवळ व्याकरणाचा नव्हता. वचनाच्या अर्थाचे मर्म त्याच भेदात आहे, असे माझे मत झाले. त्याची कारणे पुढे मांडली आहेत.

(१)

प्रथम वचनाचे ठिकाण पाहू. करिंथ हे प्राचीन ग्रीक नगर रोमनांनी इ. स. पूर्वी १४६ मध्ये उद्ध्वस्त केले. इ. स. पूर्वी ४४ मध्ये ज्यूलिअस सीझरच्या योजनेनुसार तेथे रोमन वसाहत पुन्हा उभी राहिली. दोन बंदरांमधील हे व्यापारी शहर होते, आणि तेथील नवख्रिस्ती मंडळीत श्रीमंत, कारागीर व दास असे सर्व थर होते. पौलाने हे पत्र इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास इफिस येथून लिहिले. ते लिहिण्याचे एक निमित्त त्याने स्वतःच सांगितले आहे : ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी करिंथमधील भांडणांची वार्ता त्याच्या कानी घातली होती.

दहाव्या वचनात पौल तीन गोष्टींची विनंती करतो. सर्वांनी तेच बोलावे, ही पहिली. आपसात ‘स्खिस्माता’ नसाव्यात, ही दुसरी. एका बुद्धीत व एका निश्चयात सर्व जण ‘कातार्तिझो’ या क्रियापदाने दाखविलेल्या अवस्थेत असावे, ही तिसरी. लोकव्यवहारात पहिली विनंती लक्षात राहते, दुसरीचे निषेधात रूपांतर होते आणि तिसरी विसरली जाते. वस्तुतः तिन्ही मिळून एकच विधान होते.

वाक्याचे तात्पर्य ठरविण्यासाठी आपल्याकडील परंपरेने उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ती अशी गमके सांगितली आहेत. अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. ग्रंथकार ज्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा येतो, तिच्यात त्याचे तात्पर्य असते. ही गमके वेदवाक्यांसाठी योजिली गेली असली तरी कोणत्याही संहितेस लावून पाहण्यास हरकत नसावी. ‘स्खिस्मा’ हा शब्द पौलाच्या सर्व पत्रांत केवळ याच पत्रात येतो, आणि तो तीन वेळा येतो : पहिल्या अध्यायाच्या दहाव्या, अकराव्या अध्यायाच्या अठराव्या व बाराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या वचनात. पहिल्या ठिकाणचा अर्थ उरलेल्या दोन ठिकाणांना वगळून ठरविणे म्हणजे अभ्यास या गमकाकडे पाठ फिरविणे होय.

(२)

‘तेच बोलणे’ या प्रयोगापासून आरंभ करू. ग्रीकमध्ये ‘तो आउतो लेगेइन’ ही शब्दसंहती शब्दशः घेतली तर एकसारखे शब्द उच्चारणे असा अर्थ निघेल. परंतु ग्रीक राजकीय गद्यात हा रूढ प्रयोग आहे. थ्युसिडिडीझच्या इतिहासग्रंथात पाचव्या भागात बिओशियन व मेगारियन लोकांची भूमिका एक होती हे सांगताना तो येतो. तेथे दोन नगरराज्ये एकसुरात एकच वाक्य म्हणत होती असा अर्थ कोणी करीत नाही. त्यांच्यात समझोता होता, वैर नव्हते, एवढाच अर्थ आहे. मार्गारेट मिचेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या पत्रातील अशा अनेक शब्दांचे मूळ तत्कालीन नगरराजकारणातील ऐक्यविषयक वक्तृत्वात असल्याचे साधार दाखविले आहे.

मराठीत मात्र ‘बोलणे’ हा शब्द आला की मन प्रथम तोंडच्या बोलण्याकडे जाते. ‘सर्वांचे बोलणे एक असावे’ हे वाक्य मराठी कानाला एकमताचे आवाहन म्हणून ऐकू येत नाही. वेगळे बोलणाऱ्याने गप्प बसावे, असे ऐकू येते. भाषांतरकाराने शब्द चुकविला असे येथे म्हणता येत नाही. शब्द बरोबर आहे, परंतु वाक्प्रयोग शब्दशः ओलांडून आणल्यामुळे त्याचा भार दुसरीकडे पडला आहे.

या ठिकाणी मराठीपाशी एक अत्यंत योग्य शब्द तयार आहे, आणि तो म्हणजे ‘एकवाक्यता’. आज आपण तो मतैक्य या अर्थाने सहज वापरतो, पण त्याचे मूळ पूर्वमीमांसेत आहे. जैमिनीने वाक्याचे लक्षण सांगताना असे म्हटले आहे की जे पद एकमेकांपासून वेगळे केल्यास साकांक्ष राहतात, म्हणजे दुसऱ्याची अपेक्षा धरतात, आणि जे मिळून एक प्रयोजन साधतात, त्यांचे एक वाक्य होते. या लक्षणात पदे सारखी असण्याची अट नाही. उलट सर्व पदे सारखी असती तर वाक्यच झाले नसते. कर्ता, कर्म व क्रिया ही भिन्न असतात म्हणूनच त्यांना परस्परांची आकांक्षा असते. एकवाक्यतेचा विरोध भिन्नतेशी नाही. ज्याला दुसऱ्याची गरजच उरलेली नाही अशा सुटेपणाशी तो आहे.

पौलाच्या मनात नेमकी हीच कल्पना होती की काय, याचा निर्णय त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायावरून होतो. तेथे त्याने मंडळीला शरीराची उपमा दिली आहे. सर्व शरीर डोळाच असते तर ऐकणे कोठे राहिले असते, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख आहे, आणि डोळ्याने हाताला तुझी गरज नाही असे म्हणू नये हा निष्कर्ष आहे. ‘गरज नाही’ असे म्हणणे म्हणजेच मीमांसकांच्या भाषेत आकांक्षेचा अभाव. बाराव्या अध्यायात भिन्नतेचे इतके समर्थन करणारा लेखक पहिल्या अध्यायात समान उच्चारांचा आग्रह धरीत असेल, हे संभवत नाही.

(३)

आता ‘स्खिस्मा’ या शब्दाकडे वळू. ‘स्खिझो’ म्हणजे चिरणे किंवा फाडणे. मार्काच्या शुभवर्तमानात जुन्या वस्त्राला नवे ठिगळ लावल्यास चीर अधिक मोठी होते असा दृष्टान्त आहे. तेथे हाच शब्द आला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात लोकसमुदायात येशूविषयी मतभेद झाले, हे सांगतानाही तो तीन वेळा येतो. पुढील काळात तो चर्चच्या अधिकृत विभाजनाचा पारिभाषिक शब्द बनला. पण पौलाच्या काळी त्याचे मूळ कापडाचे चित्र जिवंत होते. मराठीत त्यासाठी ‘फूट’ हा शब्द रूढ झाला आहे. तो अयोग्य नाही, तथापि ‘फूट’ या शब्दाबरोबर मराठीचे एक व्याकरणही आपोआप येते, आणि ते विचारात घेतले पाहिजे.

मराठीत धातूंच्या काही जोड्या अशा आहेत की ज्यांत अकर्मक व सकर्मक रूपे स्वरभेदाने किंवा व्यंजनभेदाने वेगळी होतात. तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे, फाटणे–फाडणे, पडणे–पाडणे ही त्यांची ठळक उदाहरणे. या प्रत्येक जोडीतील पहिल्या रूपात घटना घडते आणि कर्त्याचा शोध घ्यावा लागत नाही. दुसऱ्या रूपात कर्ता उभा राहतो आणि त्याबरोबर जबाबदारीही. धोतर फाटले असे म्हटल्यावर ते जुने होते की खिळ्याला अडकले, हा प्रश्न उघडा राहतो. धोतर फाडले म्हटले की फाडणारा कोण, एवढाच प्रश्न उरतो. ‘फूट’ या नामाला ‘पडणे’ व ‘पाडणे’ ही दोन्ही क्रियापदे लागतात, आणि बोलताना एकावरून दुसऱ्यावर जाणे फारच सोपे आहे.

मूळ संहितेत काय आहे? ‘स्खिस्मा’ हा शब्द आलेल्या तिन्ही ठिकाणी पौलाने केवळ अस्तित्ववाचक क्रियापद वापरले आहे. पहिल्या अध्यायात चिरा ‘नसाव्यात’ अशी इच्छा आहे. अकराव्या अध्यायात चिरा ‘आहेत’ असे आपण ऐकतो, असे विधान आहे. बाराव्या अध्यायात शरीरात चीर ‘नसावी’ हा हेतू सांगितला आहे. तिन्ही ठिकाणी कर्ता नाही. फूट पाडणारा कोणी या वाक्यांत उभा केलेलाच नाही.

यावर असा आक्षेप येईल की हा केवळ शैलीचा योगायोग असेल. त्याचे उत्तर पौलाच्याच दुसऱ्या एका पत्रात मिळते. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातील सतराव्या वचनात तो दुही व अडथळे ‘करणाऱ्यां’विषयी सावधगिरीचा इशारा देतो. तेथे शब्द वेगळा, ‘दिखोस्तासिया’ असा आहे. आणि ‘करणे’ या क्रियेचे धातुसाधित विशेषण वापरून कर्ता स्पष्ट दर्शविला आहे. अर्थात, ज्या वेळी पौलाला दुही माजविणाऱ्याकडे बोट दाखवावयाचे होते, त्या वेळी त्याने ते दाखविले. करिंथच्या पत्रात ‘स्खिस्मा’विषयी बोलताना त्याने तसे केले नाही. तेव्हा करिंथच्या वचनाच्या आधारे एखाद्या व्यक्तीस ‘तू फूट पाडतोस’ असे म्हणणे म्हणजे एका पत्रातील क्रियापद दुसऱ्या पत्रातील वाक्याला लावण्यासारखे आहे.

(४)

चिरा होत्या त्या कशाच्या? पत्राच्या पहिल्या चार अध्यायांत त्या नावांच्या आहेत. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवितो, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, तर कोणी ख्रिस्ताचा. एफ. सी. बाउर यांनी १८३१ साली लिहिलेल्या एका निबंधात या नावांमागे दोन तात्त्विक पक्ष कल्पिले, आणि त्यानंतर या विषयावर विपुल लेखन झाले. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र येथे एका विभक्तीकडे जाते. ग्रीक वाक्यात चारही नावे षष्ठीत आहेत. मराठीत ती ‘चा’ प्रत्ययाने हुबेहूब येतात. ‘मी अमक्याचा’ हे वाक्य आपल्याकडे गावच्या निवडणुकीपासून विद्यापीठाच्या सभागृहापर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्यात बोलणारा आपले मत सांगत नाही. आपला धनी सांगतो.

पौलाने या विभक्तीला दिलेले उत्तरही विभक्तीनेच दिलेले आहे. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो त्याचा आशय असा की पौल, अपुल्लोस व केफा हेच तुमचे आहेत. तुम्ही त्यांचे नाही. षष्ठीचा संबंध त्याने उलटा फिरविला आहे. पुढारी मंडळीचे, मंडळी पुढाऱ्यांची नव्हे. आणि मंडळी केवळ ख्रिस्ताची. वचनाचा रोख मंडळीतील सामान्य माणसाला गप्प बसविण्याकडे असता, तर हा उलट क्रम निरर्थक ठरला असता. येथे मर्यादा घातली आहे ती पुढाऱ्यांच्या नावावर.

अकराव्या अध्यायात चीर वेगळीच आहे, आणि ती भोजनाची आहे. प्रभुभोजनासाठी मंडळी एकत्र येई तेव्हा काही जण आपापले जेवण आधी उरकून घेत. परिणामी एक भुकेला राही आणि दुसरा मद्याने झिंगे. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजविता, असा पौलाचा स्पष्ट आरोप आहे. १९७० नंतरच्या दशकात गेर्ड थाइसेन यांनी या उताऱ्याचा समाजशास्त्रीय अभ्यास करून दाखविले की येथील कलहाचे मूळ सिद्धान्तात नसून संपन्न व निर्धन यांच्यातील अंतरात आहे. पौलाने सुचविलेला उपायही व्यवहाराचा आहे : एकत्र जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

याच ठिकाणी, एकोणिसाव्या वचनात, पौल ‘हाइरेसिस’ हा दुसरा शब्द वापरतो आणि असे भेद असणे भागच आहे, त्यातून कसोटीस उतरलेले कोण ते दिसून येते, असे म्हणतो. काही भाष्यकारांना यात उपरोध दिसतो. ते असो, परंतु शब्द निराळा आहे हे विसरता येत नाही. ‘हाइरेसिस’चा मूळ अर्थ निवड असा असून त्या काळी तत्त्वज्ञांच्या संप्रदायासही तो लावीत, प्रेषितांच्या कृत्यांत सदूकी व परूशी यांना तो लाविलेला आहे. मराठवाड्यातील वाचकाला हा भेद समजण्यास अडचण पडू नये. महानुभावांचे तेरा आम्नाय किंवा वारकऱ्यांचे निरनिराळे फड यांना आपण फूट म्हणत नाही. जनाबाईंच्या गंगाखेडहून वेगवेगळ्या दिंड्या निघाल्या तरी वाट एकच असते. परंतु काल्याच्या वेळी एखाद्याला बाजूला बसविले, तर तेथे मात्र फूट पडलेली असते. पंथ व फूट यांत मराठीने राखलेले अंतर या पत्राच्या वाचनात उपयोगी पडते.

बाराव्या अध्यायातील तिसरा उल्लेख या सर्वांचा समारोप करतो. शरीरात चीर नसावी म्हणून देवाने जे अवयव उणे आहेत त्यांना अधिक मान दिला, असे तेथे म्हटले आहे. फूट टाळण्याचा मार्ग म्हणून उण्याला गप्प बसविणे सांगितलेले नाही, त्याला अधिक मान देणे सांगितले आहे. अभ्यास या गमकाने तिन्ही स्थळे एकत्र वाचली म्हणजे पहिल्या वचनाचा अर्थ निश्चित होतो.

(५)

या अर्थाला बाधक ठरतील अशा दोन गोष्टींचा येथे प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पहिली अशी की पाचव्या अध्यायात पौल एका माणसाला मंडळीतून काढून टाकण्यास सांगतो. तेव्हा कोणत्याही वर्तनाला जागा देणारे ऐक्य त्याला अभिप्रेत नाही, हे कबूल केले पाहिजे. मात्र तेथे प्रश्न आचाराचा आहे, आणि ‘स्खिस्मा’ हा शब्द तेथे नाही.

दुसरी गोष्ट अशी की चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे वचन आहे, आणि आरंभी सांगितलेल्या प्रसंगात बोलणारी व्यक्ती स्त्री होती. परंतु त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया मंडळीत प्रार्थना करतात व संदेश देतात हे गृहीत धरून त्यांनी मस्तक आच्छादावे की नाही याची चर्चा आहे. शिवाय चौदाव्या अध्यायातील ती दोन वचने काही हस्तलिखितांत अध्यायाच्या शेवटी आढळतात, व त्यामुळे ती मूळची की नंतरची, याविषयी संहितासंशोधकांत वाद आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ख्लोवेच्या माणसांनी फूट कळविली, हे या पत्राच्या लेखनाचे एक निमित्त होते. पौलाने त्यांना फूट पाडणारे म्हटले नाही. त्यांचे सांगणे खरे मानून तो लिहावयास बसला. फूट सांगणारा व फूट पाडणारा यांत पत्राच्या आरंभीच भेद केलेला आहे.

(६)

तिसऱ्या विनंतीतील ‘कातार्तिझो’ हे क्रियापद आतापर्यंत बाजूस ठेवले होते. मार्काच्या पहिल्या अध्यायात जब्दीचे मुलगे होडीत बसून जाळी नीट करीत होते असे वर्णन आहे. तेथे हेच क्रियापद आहे. फाटलेले वा बिघडलेले पुन्हा कामास येईल असे करणे, हा त्याचा अर्थ. मराठी भाषांतरांत येथे ‘जोडणे’ हा धातू परिचित झाला आहे. परंतु जोडणे हे दोन मुळात वेगळ्या वस्तूंचेही होते. ‘सांधणे’ हे मात्र जे एकदा अखंड होते आणि तुटले, त्याचेच होते. गोदावरीकाठचा भोई जाळे सांधतो तेव्हा तो प्रथम ते पसरून फाटलेली जागा शोधतो. फाटलेली जागा दाखविणाऱ्याला तो जाळे फाडणारा म्हणत नाही. माझ्या मते या वचनाचा आशय मराठीत असा मांडावा : तुमच्यात एकवाक्यता असावी, तुमच्यात चिरा नसाव्यात, आणि एका बुद्धीने व एका निश्चयाने तुम्ही सांधलेले असावे. यात ‘पाडणे’ या क्रियापदाला शिरकाव करावयास जागा राहत नाही.

(७)

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात हे वचन दोन्ही अंगांनी अनुभवास आले आहे. येथील प्रॉटेस्टंट मंडळ्यांना परदेशांतील फुटी वारशाने मिळाल्या. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ साली सुरू झाले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात इंग्लिश चर्चची एस. पी. जी. ही संस्था त्याच जिल्ह्यात काम करू लागली. आणि ‘मी अमेरिकन मिशनचा’, ‘मी एस. पी. जी.चा’ अशी षष्ठी ज्यांचा त्या परदेशी वादांशी संबंध नव्हता अशा खेडुतांच्या तोंडी आली.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढील दोन-तीन वर्षांत सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यात चर्चच्या अधिकाराला शरण जाण्याचा आग्रह एका बाजूने आणि स्वतःच्या विवेकाने वाचण्याचा हक्क दुसऱ्या बाजूने मांडलेला दिसतो. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याखाली मान देण्याची रमाबाईंची तयारी नव्हती. प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीच्या वेगळ्या बोलण्याकडे हट्ट म्हणून पाहिले गेले, ही गोष्ट गोदाकाठच्या त्या पंगतीतील प्रसंगापासून फार दूरची नाही. ख्रिस्ती पंथांच्या बहुविधतेने आपण गोंधळून गेलो होतो, असेही रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत नमूद केले आहे. त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठीत केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. वचन ज्याच्या त्याला वाचता यावे, ही त्यामागील भूमिका त्या पत्रव्यवहाराचेच फलित म्हणावयास हरकत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ साली मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, व त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना स्थान दिले. पौलाच्या भाषेत सांगावयाचे तर त्यांनी मिशनची षष्ठी बाजूला ठेवली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यामुळे तो प्रयत्न फार पुढे गेला नाही.

संस्थात्मक ऐक्य पुढे साधले. १९२४ साली उत्तर हिंदुस्थानातील संयुक्त चर्च अस्तित्वात आले. १९४७ साली दक्षिण भारताचे चर्च, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंघांच्या एकीकरणातून उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. दीर्घ वाटाघाटींत सहभागी असलेले अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च ऐन वेळी बाहेर राहिले. तथापि त्यामुळे या घटनेचे मोल कमी होत नाही. पत्राच्या पहिल्या चार अध्यायांतील नावांची चीर नागपूरला बऱ्याच अंशी सांधली गेली. अकराव्या अध्यायातील भोजनाची चीर मात्र कोणत्याही घटनापत्रकाने सांधली जात नाही. ती प्रत्येक गावी, प्रत्येक पंगतीस पाहावी लागते. आणि ती दिसली तर कोणी तरी सांगावी लागते.

(८)

सारांश, करिंथकरांस पत्रातील हे वचन ऐक्याचे आहे यात संशय नाही. पण त्यातील ऐक्य समान उच्चाराचे नाही, परस्परांच्या आकांक्षेचे आहे. त्यातील फूट पडलेली आहे. ती पाडणारा त्यात नामनिर्दिष्ट नाही. आणि त्याचा रोख फूट दाखविणाऱ्याकडे नाही, फूट सांधण्याच्या कामाकडे आहे. हे वचन वेगळे बोलणाऱ्यास गप्प करण्यासाठी वापरले गेले, की वचनाच्या तीन भागांपैकी एकच भाग हाती उरतो आणि तोही विकृत स्वरूपात.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना यातून घेण्याजोगा मुद्दा एवढाच की संदर्भ म्हणजे केवळ मागचे-पुढचे वाक्य नव्हे. मूळ भाषेतील क्रियापद कर्ता मागते की नाही, आणि आपली भाषा तो कर्ता नकळत पुरविते की काय, हेही संदर्भातच येते. धर्मग्रंथाचे भाषांतर वाचताना हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. गोदाकाठच्या त्या बाईंनी ग्रीक वाचले नव्हते. परंतु त्यांनी केलेला व्याकरणाचा भेद संहितेशी जुळतो, आणि त्यांना दिलेले उत्तर जुळत नाही. त्या दिवशी त्यांचा प्रश्न तसाच राहिला. वचनाचा खरा अर्थ घ्यावयाचा, तर त्याचे उत्तर पुढच्या नाताळला सर्वांसाठी थांबून एकच पंगत बसविणे, हे होय.